उन्हाळा अकलूजचा, कूलर हवेचाच

एप्रिल-मेमध्ये सोलापूर जिल्ह्यात पारा चाळिशी ओलांडतो. अशा वेळी अकलूजमध्ये कोणी व्हिडिओ एडिटिंगसाठी, घरांच्या आराखड्यांसाठी किंवा गेमिंगसाठी कॉम्प्युटर असेंबल करायला निघाला, की पहिला सल्ला ठरलेला असतो: "आपल्याकडचं ऊन बघता लिक्विड कूलरच टाका." सल्ला आपुलकीचा असतो, पण शास्त्राला धरून नसतो. त्यापायी कष्टाचा पैसा चुकीच्या जागी जातो, म्हणून त्याचा सविस्तर प्रतिवाद करायला हवा.

आधी पूर्वपक्ष न्यायाने मांडू. त्याचे तीन आधार आहेत. पहिला, पाणी गारवा देते हा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव. दुसरा, तेवढ्याच वजनाच्या हवेपेक्षा पाणी चौपटीहून अधिक उष्णता सामावून घेते. तिसरा, मोठमोठी संगणकयंत्रे द्रवानेच थंड ठेवतात. पुण्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेत 2019 साली बसवलेल्या 'परम ब्रह्म' या महासंगणकात थेट चिपजवळ द्रव खेळवला जातो.

यातला पहिला आधार सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत कच्चा आहे. माठातले पाणी हवेपेक्षा गार होते, कारण ते पाझरते आणि बाष्प होऊन उडून जाताना उष्णता घेऊन जाते. लिक्विड कूलर मात्र चारी बाजूंनी बंद असतो. त्यातले पाणी बाहेर उडून जात नाही. ते प्रोसेसरवरून उष्णता उचलते, नळीतून रेडिएटरपर्यंत नेते, आणि तिथे पंखे ती उष्णता खोलीच्याच हवेत सोडतात. खोलीत 42 अंश असतील तर रेडिएटरला 42 अंशांचीच हवा मिळते. त्या हवेपेक्षा गार होणे हवेच्या कूलरला जमत नाही, तसे लिक्विड कूलरलाही जमत नाही.

दुसरा आधार खरा आहे, पण हवेच्या कूलरच्या विरोधात जात नाही. हवेच्या चांगल्या टॉवर कूलरमधल्या तांब्याच्या नळ्यांतही थोडे पाणी असते. प्रोसेसरकडच्या टोकाला त्याची वाफ होते, पात्यांकडच्या टोकाला ती पुन्हा पाणी होते. 1963 साली अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी विकसित केलेली ही 'हीट पाइप' पंपाशिवाय चालते. 'परम ब्रह्म'चा दाखलाही इथे लागू होत नाही. तिथे दाटीने रचलेले शेकडो प्रोसेसर अहोरात्र पूर्ण भारावर चालतात. आपल्या टेबलाखाली प्रोसेसर एकच असतो.

आता आकडे पाहू. एएमडीच्या रायझन 5 7600 या प्रोसेसरचा वीजवापर जास्तीत जास्त 88 वॅटच्या आसपास जातो, आणि त्याची तापमानाची मर्यादा 95 अंश आहे. 25 अंशांच्या खोलीत पूर्ण भारावर तो 65 अंश दाखवत असेल, तर 42 अंशांच्या खोलीत त्याच कूलरवर साधारण 82 दाखवेल. खोली जितकी तापते, तितकेच प्रोसेसरचे तापमान वर सरकते. 82 हा आकडा घाबरण्याचा नाही. शिवाय अनेक मशीनमध्ये खरी भट्टी वेगळीच असते: आरटीएक्स 4070 हे ग्राफिक्स कार्ड एकटे 200 वॅट ओढते. प्रोसेसरवर बसवलेल्या लिक्विड कूलरचा त्याला काहीच उपयोग नाही.

मग पैसा कुठे घालावा? सर्वांत आधी कमी तापणारे भाग निवडण्यात. ज्या कामाला 65 वॅट वर्गातला प्रोसेसर पुरतो, तिथे 125 वॅटचा घेऊ नये. रायझन 7 7700एक्स घेतलाच असेल तर बायोसमधून त्याची मर्यादा 142 वरून 88 वॅटवर आणता येते. वेग थोडाच घटतो, उष्णता मात्र बरीच कमी होते.

त्यानंतर कॅबिनेट. 400 वॅट उष्णता बाहेर काढताना आतली हवा दहा अंशांपेक्षा जास्त तापू द्यायची नसेल, तर सेकंदाला सुमारे 35 लिटर हवा आरपार गेली पाहिजे. समोर काच असलेल्या देखण्या कॅबिनेटमधून ती जात नाही. जाळीचा दर्शनी भाग, पुढून दोन-तीन आणि मागून एक असे 120 मिलिमीटरचे पंखे, आणि धुता येणारा फिल्टर एवढे पुरते. नीरेकाठच्या या पट्ट्यात गळीत हंगामात रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची धूळ आणि शेतात पेटवलेल्या पाचटाची काजळी असते. ती रेडिएटरच्या बारीक पात्यांतही तितकीच अडकते. म्हणून दर महिन्याला फिल्टर धुणे हा कूलिंगचाच भाग समजावा.

तिसरी जागा एसएमपीएसची, म्हणजे कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायची. 80 प्लस हे त्याच्या कार्यक्षमतेचे प्रमाणपत्र 23 अंशांच्या आसपास केलेल्या चाचणीवर मिळते. आपल्याकडे 40 किंवा 50 अंशांवरही पूर्ण भार पेलण्याची हमी निर्माता देतो का, हे पाहूनच एसएमपीएस घ्यावा. आतले कपॅसिटर दर दहा अंश वाढीला साधारण निम्मे आयुष्य गमावतात.

लिक्विड कूलर निरुपयोगी आहे, असे माझे म्हणणे नाही. इंटेलचा कोअर आय9-14900के 253 वॅटपर्यंत जातो. असा प्रोसेसर घेऊन तासन्‌तास रेंडरिंग करणाऱ्याला 360 मिलिमीटरच्या रेडिएटरचे मोठे क्षेत्रफळ खरोखर उपयोगी पडते. मात्र लिक्विड कूलरचा पंप थांबला तर उष्णता वाहून न्यायला दुसरे काही उरत नाही, आणि बहुधा सगळा कूलरच बदलावा लागतो. टॉवर कूलरचा पंखा बिघडला, तर नवा पंखा लावून काम भागते.

खोलीच गार करायची असेल, तर कोरड्या उन्हाळ्यात खिडकीतला वाळ्याचा कूलर उत्तम. फक्त समोरची खिडकी उघडी ठेवावी आणि त्याचा दमट झोत थेट कॅबिनेटवर घेऊ नये.

निष्कर्ष स्पष्ट आहे. अकलूजच्या उन्हाळ्याला उत्तर द्यायचे ते कमी वॅटचा प्रोसेसर, जाळीचे कॅबिनेट, दमदार एसएमपीएस आणि साधा टॉवर कूलर यांनी. लिक्विड कूलरवर जाणारे जादा पैसे चांगल्या एसएमपीएसमध्ये घाला; कॉम्प्युटरला खरा आधार त्याचाच आहे.