निवड चाचणीचं मैदान आणि कडेला उभी आई

बैठकीत हप्त्यांचा विषय संपला की हल्ली कुणीतरी पिशवीतून शाळेचा कागद काढते आणि विचारते, "ताई, ही निवड चाचणी म्हणजे नक्की काय असतं? पोरीला घेऊन जाऊ का नको?" आज आपण त्याच्यावरच बोलणार आहोत. पण आधी थोडं मागं जाऊ. खेळाडू निवडायची रीत जुनी आहे, आणि त्यात बाई कुठं होती हे बघितलं की बऱ्याच गोष्टी उलगडतात.

आपल्या भागात खेळ म्हटलं की आधी कुस्ती. पोरगा तालमीत जायचा, वस्ताद त्याच्यावर नजर ठेवायचा आणि पोरगा तयार झाला की जत्रेच्या फडात उतरवायचा. त्याच्या वर राजाश्रय. शाहू महाराजांनी कोल्हापूरला खासबागचं मैदान बांधून घेतलं, ते १९१२ साली पुरं झालं. पैलवानाच्या खुराकाला दूध-तूप घरातली बाई पुरवायची, पण तालमीच्या उंबऱ्याच्या आत तिला जागा नव्हती. आपले खेळ म्हणजे पंचमीची फुगडी, झिम्मा, झोका. तेही लेक माहेरी आली तरच. त्यात कस काही कमी लागत नाही, ज्यांनी रात्रभर मंगळागौर जागवली आहे त्यांना विचारा. पण फुगडी बघून कुणी नाव लिहून घेत नव्हतं, आणि नाव लिहिलं नाही की पुढची वाटही नाही.

आता १९५२ सालाकडे येऊ. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. हेलसिंकीच्या ऑलिंपिकला त्यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. हे आपण शाळेत शिकलो. पण आमचं लक्ष वेगळ्याच दोन गोष्टींकडे जातं. पहिली अशी, की निवडीच्या कुस्तीत आपल्याला एका गुणानं डावललं असं खाशाबांचं म्हणणं होतं. त्यांनी पटियालाच्या महाराजांकडे दाद मागितली, कुस्ती पुन्हा लावली गेली आणि ती त्यांनी जिंकली, असं सांगतात. दुसरी गोष्ट पैशाची. निवड झाली तरी जायला पैसे नव्हते. गावानं वर्गणी काढली आणि त्यांच्या कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं राहतं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. पदक घेऊन ते परतले तेव्हा शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मिरवणुकीचं सगळे सांगतात. गहाणखताचं आम्ही तुम्हाला मुद्दाम सांगतो, कारण गहाण म्हणजे काय हे आपल्या गटातल्या प्रत्येकीला ठाऊक आहे.

त्याच हेलसिंकीला वांद्र्याची एक मुलगीही धावली, मेरी डिसूझा. तिच्याबरोबर बंगालची नीलिमा घोष होती. स्वतंत्र भारताकडून ऑलिंपिकला गेलेल्या पहिल्या मुलींमधल्या या दोघी. मेरीकडेही जायला पैसे नव्हते. मित्रमंडळींनी नाचाचा आणि पत्त्यांचा कार्यक्रम ठेवून रक्कम जमवली. म्हणजे मुलगा असो की मुलगी, गुण अंगात होते, पण न्यायला कुणीतरी लागलं. खाशाबांच्या नावानं आज पुतळे आहेत, स्पर्धा आहेत. मेरी डिसूझांचं नाव आपल्यातल्या किती जणींनी आज पहिल्यांदा ऐकलं?

वर्गणी आणि गहाणखताच्या जागी सरकारी योजना यायला पुढं बराच काळ गेला. १९९६ मध्ये महाराष्ट्रात क्रीडा प्रबोधिनी सुरू झाली. लहान वयातच पोरं निवडायची, त्यांचं राहणं, खाणं, शाळा आणि सराव एका जागी करायचा, अशी ती योजना. तिथं मुलाला अमुक खेळ येतो का, एवढंच बघत नाहीत. उंची आणि वजन घेतात, तीस मीटर पळवतात, जागेवरून लांब उडी आणि वर उडी मारायला लावतात, मेडिसिन बॉल नावाचा जड चेंडू फेकायला देतात, पुढं वाकवून अंगाची लवचिकता बघतात, दहा-दहा मीटरच्या सहा फेऱ्या आणि शेवटी आठशे मीटर पळवतात. डोक्यावर पाणी आणणाऱ्या, शाळेला चालत जाणाऱ्या पोरीला यातलं अवघड असं फार नाही. अवघड असतं ते तिथंवर पोचणं.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २००९ मध्ये याच वाटेनं गेला आणि नाशिकला नेमबाजी शिकला. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला त्यानं कांस्यपदक आणलं. खाशाबांनंतर बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक पदक मिळालं. वडील शिक्षक आणि आई गावची सरपंच. त्या घरात शाळेचा कागद वाचणारं माणूस होतं, एवढं लक्षात ठेवा.

आता सॉफ्टबॉल. गेल्या हंगामात आमच्या गटातल्या चौघींच्या लेकी या खेळाच्या जिल्हा संघासाठी चाचणीला गेल्या, म्हणून त्याबद्दल सांगायचं आहे. पुष्कळजणी विचारतात, हा कुठला खेळ काढला? तर १८८७ मध्ये अमेरिकेत शिकागो शहरात एका क्लबात काही तरुण दुसऱ्या सामन्याचा निकाल कळायची वाट बघत बसले होते. एकानं मुष्टियुद्धाचा हातमोजा फेकला, दुसऱ्यानं काठीनं टोलवला. जॉर्ज हॅनकॉक नावाच्या माणसानं तो हातमोजा दोरीनं बांधून चेंडू केला आणि झाडूच्या दांड्याची बॅट. झाला खेळ सुरू. बॅट झाडूची आहे म्हटल्यावर तो आपलाच खेळ म्हणायचा! नऊ जणी एका बाजूला, सात डाव, चार टप्पे चौकोनात, एका टप्प्यापासून दुसरा साठ फुटांवर. चेंडू खालून टाकायचा, हात पूर्ण गरागरा फिरवून. आमच्यातल्या एका आजींनी ते बघितलं आणि म्हणाल्या, "हे तर गोफण फिरवणं आहे." ज्वारीच्या राखणीला माळ्यावर उभं राहून ज्यांनी पाखरं हाकलली त्यांना हे बरोबर कळतं.

अमेरिकेतही हा खेळ मुलींना सहज मिळाला नाही. १९७२ मध्ये तिथं कायदा झाला, की सरकारी पैसा घेणाऱ्या शाळा-कॉलेजांनी मुलगी म्हणून भेदभाव करायचा नाही. त्या वर्षी तिथल्या हायस्कूलांत खेळणाऱ्या मुली तीन लाखांच्या आत होत्या, आज तीस लाखांच्या वर आहेत. कॉलेजं खेळाडू मुलींना शिष्यवृत्ती देऊ लागली. मग त्या मुली निवडायच्या कुठून? त्यासाठी शनिवार-रविवारी खास सामने भरू लागले. मुली खेळतात, कॉलेजांचे प्रशिक्षक जाळीमागं खुर्च्या टाकून वह्यांत टिपणं करतात आणि आईबाप दूर उन्हात बसून त्या वह्यांकडे बघत राहतात. संघाची वर्गणी, प्रवास, हॉटेल, सगळं आईबापाच्या खिशातून. घाई इतकी वाढली, की आठवी-नववीतल्या पोरींकडून कॉलेजं तोंडी होकार घ्यायला लागली. शेवटी २०१८ मध्ये नियम करावा लागला, की मुलगी अकरावीत जाऊन १ सप्टेंबर उजाडेपर्यंत प्रशिक्षकानं तिच्याशी त्याबद्दल बोलायचं नाही. श्रीमंत देशातही आईबापाला हे सुटत नाही. फरक एवढाच, की त्यांच्याकडे पैसा खर्चून उरतो आणि आपल्याकडे एसटीच्या भाड्यापासून हिशोब सुरू होतो.

त्या दिवशी आम्ही पहाटेच्या गाडीनं बार्शीहून सोलापूरला गेलो. सत्तर किलोमीटर. २०२३ च्या मार्चपासून बायकांना एसटीचं अर्धं तिकीट झालं, म्हणून चौघी आया बरोबर येऊ शकल्या, नाहीतर एकीनं चार पोरी नेल्या असत्या. भाकरी, शेंगाचटणी बांधून घेतली होती. मैदानावर पोचल्यावर पहिली रांग कागदांची. आधार, जन्माचा दाखला, शाळेचा बोनाफाईड, फोटो. वयाचा घोळ इथंच होतो. घरी जन्मलेल्या आणि उशिरा नोंद झालेल्या मुलींच्या दोन कागदांवर दोन तारखा निघतात. हे चाचणीच्या आदल्या रात्री दुरुस्त होत नाही. मैत्रिणींनो, लेक पाचवीत असतानाच कागद एकदा तपासून घ्या.

मग पोरींच्या छातीवर आणि पाठीवर आकड्यांचे कागद लागले. ते बघून एका आईच्या डोळ्यांत पाणी आलं. का ते तिलाही सांगता आलं नाही. आम्ही कडेला लिंबाखाली. मैदानात चेंडू जमिनीवरून टाकत होते, तो अडवून पहिल्या टप्प्यावर फेकायचा, मग पाच-सहा चेंडू मारायचे, मग टप्पे पळायचे. प्रत्येक पोरीच्या वाट्याला सगळं मिळून दहा मिनिटंही येत नाहीत. त्यात पोरगी आईकडे बघते. आईनं ओरडून काही सांगितलं की पोरीचा हात थरथरतो, हे आम्ही दोन-तीनदा बघितलं. गप्प बसणं हेच तिथलं आईचं मोठं काम, आणि ते पळण्यापेक्षा जड आहे.

आमच्या चौघींतली एक पोरगी डावखुरी. डाव्या हातानं फेकणाराला मोजा उजव्या हातात लागतो. तिथं ठेवलेले सगळे मोजे डाव्या हाताचे. तिनं तोच घातला, चेंडू अडवला, मोजा काढला आणि मग डाव्या हातानं फेकला. तेवढ्यात पळणारी पोचलेली असायची. तिच्या आईनं घरी वर्षानुवर्षं "डाव्या हातानं जेवू नको, डाव्या हातानं देऊ नको" म्हणून तिला रागे भरलेलं. बॅट घेऊन ती दुसऱ्या बाजूनं उभी राहिली तेव्हा निवड करणाऱ्या एक बाई जवळ येऊन बघू लागल्या. या खेळात डावखुरी मारणारी पहिल्या टप्प्याच्या एक-दोन पावलं जवळ उभी असते, म्हणून ती लवकर पोचते. घरात खोड म्हणून मोजलेली गोष्ट तिथं कुणीतरी वहीत लिहून घेतली.

दुपारी घरची बोलणी सुरू झाली. एकीच्या नवऱ्याचा फोन, "किती घेतात विचार." हे सगळीकडे ऐकू येतं. मैदानाबाहेर "मी करून देतो" म्हणणारी माणसं भेटतातच. खेळाडूंना सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला सवलतीचे गुण आहेत, म्हणून प्रमाणपत्राला बाजारात भाव आला. पण नोकरीच्या वेळी क्रीडा खातं प्रमाणपत्राची पडताळणी करतं. विकत घेतलेला कागद तिथं उघडा पडतो आणि पोरीवर गुन्हा येऊ शकतो. निवडीसाठी कुणालाही पैसे देऊ नका. चाचणीचं शुल्क असेल तर पावती मागा.

आणि निवड झाली, लेक बाहेरगावी राहणार म्हटलं, तर लाजू नका, विचारा. मुली झोपतात कुठं, रात्री बाई वॉर्डन असते का, पाळीच्या दिवसांत पोट दुखलं तर सरावाला सूट आहे का, पाय मोडला तर दवाखान्याचा खर्च कोण करतं, फोन कधी करता येतो, तक्रार कुणाकडे करायची, आणि पुढच्या वर्षी काढून टाकलं तर शाळेचं काय. खाशाबा महाराजांपुढं उभे राहून दाद मागू शकले, तर आपण वॉर्डनला पाळीबद्दल विचारायला काय हरकत आहे?

जाऊ द्यायचंच का, हा खरा प्रश्न. बारा-तेरा वर्षांची पोर. घरात एक बाजू म्हणते, दोन वर्षांनी लग्नाचं बघायचंय, आता हे खूळ कशाला. कायद्यानं अठराच्या आत लग्न नाही, हे त्यांना ठाऊक असतं, तरी म्हणतात. अशा घरी आम्ही शेजारच्या धाराशिवचं नाव काढतो. तिथली सारिका काळे. खो-खोला काय लागतं? दोन खांब आणि सारवल्यासारखं सपाट मैदान. मोजा नाही, बॅट नाही. म्हणून गरिबाघरच्या पोरींना तो खेळ परवडला. सारिकानं नंतर सांगितलं, की एक काळ दिवसाला एकच जेवण मिळायचं. २०१६ मध्ये ती दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताच्या संघाची कर्णधार झाली. २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला, खो-खोला बावीस वर्षांनी मिळालेला. पुढं ती तुळजापूरला तालुका क्रीडा अधिकारी झाली. आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, तो मुलींनी जिंकला. कर्णधार प्रियांका इंगळे मूळची बीड जिल्ह्यातली. बार्शीहून बीड काय, धाराशिव काय, आपल्या सोयरिकी तिथं आहेत. लांबचं उदाहरण दिलं की सासरे ऐकत नाहीत, सोयऱ्याच्या गावचं दिलं की ऐकतात.

आमच्या चौघींतल्या दोघी संघात आल्या. एकीचं नाव आलं नाही. ती परत येताना गाडीत एक शब्द बोलली नाही, आणि आईनंही तिला बोलायला लावलं नाही, हे आम्हाला फार आवडलं. सध्या ती शाळेत खो-खो खेळते. डावखुरीचं नाव राखीव यादीत लागलं. उजव्या हातातला मोजा सोलापुरात दोन दुकानांत विचारला, मिळाला नाही, मागवावा लागणार होता. गटातून कर्ज मागायचं, तर कारण काय लिहायचं यावर अर्धा तास चर्चा झाली. शेळी, शिलाई मशीन, बियाणं, दवाखाना असे रकाने आमच्या वहीत आहेत, खेळाचा नव्हता. एक जण म्हणाली, शिक्षण लिहा. तिची आई म्हणाली, नको, जे आहे ते लिहा. मग सचिवानं पट्टी ठेवून नवा रकाना आखला आणि त्यात लिहिलं, सॉफ्टबॉलचा मोजा, डावखुरी, सहा हप्ते.