कुजक्या कापडापासून डॉक्टरांच्या बिलापर्यंत

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

इंग्रजीत 'शॉडी' असा एक शब्द आहे. निकृष्ट, कामचलाऊ या अर्थानं आपणही तो वापरतो. मूळचं ते एका कापडाचं नाव. जुन्या लोकरी चिंध्या पिंजायच्या, त्यात थोडी नवी लोकर मिसळायची आणि ठोकून-दाबून कापड काढायचं, ते शॉडी. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. लाखो सैनिकांना गणवेश हवे होते आणि ठेकेदारांनी हेच कापड पुरवलं. पाऊस लागला की गणवेश अंगावरच विरायचे. युद्ध संपेपर्यंत कापडाचं नाव शिवीसारखं वापरलं जाऊ लागलं. शब्दांच्या मागं लागणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला हा प्रवास मोठा मौजेचा वाटतो. पण आज मला सांगायचंय ते त्या कापडापायी झालेल्या कायद्याबद्दल, आणि तो कायदा पुढं डॉक्टरांच्या दारात कसा पोचला त्याबद्दल.

२ मार्च १८६३ रोजी अब्राहम लिंकन यांनी या कायद्यावर सही केली. 'फॉल्स क्लेम्स ॲक्ट', म्हणजे खोट्या दाव्यांचा कायदा. सरकारकडं खोटं बिल लावणाऱ्यानं नुकसानीच्या दुप्पट भरायचं, शिवाय प्रत्येक खोट्या दाव्यामागं दोन हजार डॉलर दंड. लबाडी ठाऊक असलेल्या कुणाही माणसाला सरकारच्या वतीनं खटला भरायची मुभा होती, आणि वसुलीतला निम्मा वाटा त्याचा. सिनेटर जेकब हॉवर्ड यांनी तर उघडच सांगितलं की, लबाडाला पकडायला लबाडच सोडावा. आपण काट्यानं काटा काढणं म्हणतो, तेच.

१९४३ साली फिर्यादीचा वाटा छाटला गेला आणि कायदा जवळजवळ अडगळीत पडला. १९८६ साली रेगन यांच्या कारकिर्दीत तो पुन्हा धारदार केला गेला. भरपाई तिप्पट झाली, दंड पाच ते दहा हजारांवर गेला. डोळ्यांसमोर होते संरक्षण खात्याचे ठेकेदार. पण मधल्या काळात सरकारचा एक नवाच, अवाढव्य खर्च उभा राहिला होता.

३० जुलै १९६५ रोजी अमेरिकेत वृद्धांसाठी मेडिकेअर ही सरकारी विमा योजना आली. त्याच वर्षी ऑक्टोबरात स्थलांतराचा कायदाही बदलला, आणि मुंबई-पुण्याच्या वैद्यकीय महाविद्यालयांतून बाहेर पडलेल्या अनेकांना अमेरिकेची वाट मोकळी झाली. या विषयाशी आपलं नातं असं जवळचं आहे. आपल्या वाचकांपैकी कित्येकांचे भाऊ, भाचे, मुली तिथं दवाखाना चालवतात.

मेडिकेअरचं बिल म्हणजे आकड्यांची भाषा. प्रत्येक तपासणीला पाच आकडी संकेतांक असतो. जुन्या रुग्णाची साधी भेट ९९२१३, थोडी गुंतागुंतीची ९९२१४. दुसरीचे पैसे जास्त. रोज कित्येक दावे जातात, आणि बहुतेकांचे पैसे आधी मिळतात, चौकशी मागाहून. सगळा कारभार विश्वासावर. तेव्हा लबाडांचं फावणार हे ओघानं आलंच.

आणि लबाडी खरीच आहे, कुभांड नव्हे. मोंटाना राज्यातल्या एका छोट्या रुग्णालयाच्या हिशेब-प्रमुखाला १९९० साली नव्या व्यवस्थापनानं खर्चाचे दोन हिशेब ठेवायला सांगितलं, एक सरकारसाठी आणि एक आपल्यापुरता. त्यानं नकार दिला, नोकरी गेली. १९९३ साली त्यानं खटला भरला. तो आणि त्यासारखे इतर खटले मिळून कोलंबिया-एचसीए या रुग्णालय-साखळीला २००३ पर्यंत सुमारे १७० कोटी डॉलर मोजावे लागले. मिशिगनमधल्या एका कर्करोगतज्ज्ञानं तर कर्करोग नसलेल्यांनाही केमोथेरपी दिली आणि बिलं लावली. २०१५ साली त्याला ४५ वर्षांची शिक्षा झाली. तिथं प्रश्न नुसत्या पैशांचा नव्हताच.

पण मला जास्त विचारात पाडतो तो नऊ डॉलरचा खटला. न्यूयॉर्कमधल्या एका प्रयोगशाळेचे व्यवस्थापक हॅल्पर. मेडिकेअरकडून तीन डॉलर मिळायला हवेत तिथं ते बारा मागत. असे ६५ दावे. एकूण लूट ५८५ डॉलर. लबाडी शाबीत झाली, दोन वर्षांची कैद आणि पाच हजार डॉलर दंड झाला. इथं गोष्ट संपायला हवी होती. पण मग सरकारनं १८६३ च्या त्या कायद्याखाली दिवाणी दावा लावला. पासष्ट दावे गुणिले दोन हजार, म्हणजे एक लाख तीस हजार डॉलर!

बघा, गंमत कुठं झाली. कापडाचा ठेकेदार वर्षाला दोन-चार मोठी बिलं लावायचा. प्रत्येक बिलामागं दंड हा हिशेब त्याला शोभत होता. डॉक्टरची बिलं चिल्लर, पण हजारांनी. जुन्या मापानं नवा माल मोजला की असं होतं. १९८९ साली सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं हॅल्पर यांच्या बाजूनं कौल दिला. नुकसानीशी इतका विजोड दंड म्हणजे भरपाई नव्हे, त्याच गुन्ह्याची ती दुसरी शिक्षा ठरते, असं न्यायालय म्हणालं. डॉक्टरांच्या वकिलांना मोठी ढाल मिळाली. ती टिकली आठ वर्षं. १९९७ साली हडसन खटल्यात न्यायालयानं स्वतःच हा युक्तिवाद मागं घेतला.

नेमक्या त्याच सुमारास सरकारनं एक मोहीम काढली होती. रुग्ण दाखल होण्याआधीच्या ७२ तासांतल्या काही तपासण्यांचे पैसे रुग्णालयाच्या एकरकमी मोबदल्यातच धरलेले असतात, त्या वेगळ्या लावायच्या नाहीत, असा नियम. संगणकानं जुळवणी केली आणि साडेचार हजारांहून अधिक रुग्णालयांना पत्रं गेली. काहींनी मुद्दाम दुहेरी पैसे काढले असतील. पण बाह्यरुग्ण विभागाचा कारकून एका टेबलावर आणि आंतररुग्ण विभागाचा दुसऱ्या, अशीही चूक होऊ शकते. पत्रात मात्र त्या धाक भरवणाऱ्या कायद्याचं नाव. लढून हरलो तर तिपटीची भरपाई, वर मेडिकेअरमधून हकालपट्टीची भीती. ती झाली की दवाखान्याला कुलूपच. मग निर्दोष माणूससुद्धा तडजोडीचा कागद पुढं ओढतो. मला यात न्याय कमी आणि सावकारी जास्त दिसते.

ओरड झाली. जून १९९८ मध्ये तेव्हाचे उपमहान्यायवादी एरिक होल्डर यांनी सरकारी वकिलांना लेखी सूचना दिल्या. नियम स्पष्ट होता का, सरकारच्याच माणसांनी आधी काय सल्ला दिला होता, चूक किती मोठी आणि किती वेळा झाली, हे तपासा आणि मगच या कायद्याचं नाव घ्या. बचावाचे वकील आजही जवळपास याच मुद्द्यांवर लढतात. डॉक्टरनं रुग्णाच्या कागदावर काय लिहिलंय, हे त्यांचं पहिलं हत्यार. लिहिलं नाही म्हणजे केलंच नाही, असा तिकडचा रिवाज.

शेवटी सगळं येऊन ठेपतं एका शब्दावर, नियत. हा शब्द अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला आणि 'नियत तशी बरकत' म्हणण्याइतका इथलाच झाला. कायद्यात तो 'जाणूनबुजून' असा येतो. ठाऊक असणं, मुद्दाम डोळे मिटणं किंवा बेपर्वाई, तिन्ही त्यात मोडतात. निव्वळ चूक मोडत नाही. काही औषध-दुकानांच्या साखळ्यांनी गिऱ्हाइकांना कमी दर दिला आणि सरकारला जास्त कळवला, असा आरोप होता. नियमाचे शब्द संदिग्ध आहेत, त्यांचा आम्हाला सोयीचा अर्थही निघू शकतो, असा बचाव झाला. १ जून २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं सांगितलं की, वकिलानं नंतर कोणता अर्थ शोधला ते नव्हे, दावा करताना तुमच्या मनात काय होतं ते महत्त्वाचं. त्यातल्या एका कंपनीबाबत मार्च २०२५ मध्ये ज्युरीनं निकाल दिला. दावे खोटे होते, जाणूनबुजून केले होते, पण सरकारचं नुकसान झाल्याचं सिद्ध नाही.

त्याच २०२३ सालच्या ऑगस्टमध्ये आपल्याकडं आयुष्मान भारत योजनेवर 'कॅग'चा अहवाल आला. महाराष्ट्राची महात्मा फुले जनआरोग्य योजना याच योजनेशी जोडलेली आहे. सुमारे साडेसात लाख लाभार्थ्यांपुढं एकच मोबाइल क्रमांक होता, दहा वेळा नऊ. केंद्र सरकारनं खुलासा केला की पडताळणीला मोबाइल लागत नाही, नोंद करणाऱ्यांनी रकाना भरायचा म्हणून आकडे टाकले असावेत. त्याच अहवालात, आधी मृत म्हणून नोंद झालेल्या रुग्णांवर पुढं उपचार चालू राहिल्याच्याही नोंदी होत्या.