दुसऱ्याचा खेळ पाहताना

मधल्या सुट्टीत मुलांच्या घोळक्याजवळ थोडा वेळ उभे राहिले, तर एक गोष्ट सहज लक्षात येते. स्वतः खेळलेल्या व्हिडिओ गेमबद्दल मुले जितके बोलतात तितकेच, दुसऱ्याने खेळलेल्या आणि आपण नुसत्या पाहिलेल्या खेळांबद्दलही बोलतात. कोणी अनोळखी माणूस खेळतो, खेळता खेळता बोलतो, आणि मुले तासन् तास ते पाहत बसतात. 'खेळायचे सोडून हे पाहायचे कशाला?' असे पालक विचारतात. शिक्षकांना मात्र याहून वेगळा प्रश्न पडायला हवा, असे आम्हाला वाटते. या पाहणाऱ्यांत दोन तट आहेत. काहींना खेळ नीट समजावून सांगणारा खेळाडू हवा असतो : कोठे वळायचे, कोणती युक्ती चालते, ती का चालते. इतरांना हसवणारा हवा असतो. तो हरला तरी चालेल, किंबहुना हरलाच तर अधिक चांगले.

हा वाद आपल्याला अनोळखी नाही. 'तो वर्गाला नुसते हसवतो' आणि 'तो फार रुक्ष शिकवतो' हे दोन्ही शेरे शिक्षकांच्या खोलीत ऐकू येतात. खेळाच्या चित्रफितींचा इतिहास तपासला, तर या वादावर थोडा प्रकाश पडतो.

रांगेतले प्रेक्षक

१८ ऑक्टोबर १९५८ रोजी अमेरिकेतील ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत पाहुण्यांसाठी प्रदर्शन होते. विल्यम हिगिनबॉथम या भौतिकशास्त्रज्ञाला नुसते तक्ते आणि निश्चल उपकरणे मांडणे कंटाळवाणे वाटले. त्याने एक अनुरूप (अॅनालॉग) संगणक दोलनदर्शकाला जोडला आणि पाच इंची पडद्यावर टेनिसचा खेळ उभा केला. बाजूने दिसणारे मैदान, मध्ये जाळी आणि गुरुत्वाकर्षणाच्या नियमाने वरखाली होणारा प्रकाशाचा ठिपका, एवढेच त्यात होते. तो खेळण्यासाठी शेकडो लोकांनी रांग लावली. खेळणारे एका वेळी दोघेच, म्हणजे बाकीचे सारे प्रेक्षक! व्हिडिओ गेमला प्रेक्षक असे जन्मापासूनच लाभले.

पुढे १९७८ मध्ये 'स्पेस इन्व्हेडर्स' आणि १९८० मध्ये 'पॅकमॅन' हे जपानी खेळ आले. नाणे टाकून चालणाऱ्या या यंत्रांभोवतीही घोळका असे. आपले नाणे टाकण्यापूर्वी दुसऱ्याचे नाणे कसे वाया जाते हे पाहणे शहाणपणाचे होते. म्हणजे पाहण्यामागे माहितीची गरज होती. आणि शेजारचा हरला की हशाही पिकत असणारच. दोन्ही गोष्टी एकाच घोळक्यात नांदत होत्या.

छापील मार्गदर्शक

पॅकमॅनमधील भुते मनमानी फिरत नाहीत; त्यांच्या हालचालींना ठरावीक नियम आहेत. त्यामुळे ठरलेल्या वाटेने गेल्यास ती पुन्हा पुन्हा हुकवता येतात. हे लक्षात येताच १९८० च्या दशकाच्या आरंभी अशा वाटांचे नकाशे देणारी पुस्तके निघाली. ही शुद्ध माहितीची शाखा.

याच काळातील एक प्रयोग शिक्षकांनी आवर्जून लक्षात ठेवावा असा आहे. इन्फोकॉम ही अमेरिकन कंपनी केवळ मजकुरातून खेळायचे कोड्यांचे खेळ काढत असे. अडलेल्या खेळाडूंसाठी तिने 'इनव्हिजिक्लूज' नावाच्या पुस्तिका काढल्या. त्यांत प्रश्न साध्या शाईत आणि उत्तरे अदृश्य शाईत छापलेली असत. सोबतच्या खास पेनने घासल्यावरच उत्तर उमटे. एका प्रश्नाला एकच उत्तर नसे, तर क्रमाने सूचना असत. पहिली अगदी मोघम, दुसरी थोडी स्पष्ट, आणि शेवटी पूर्ण उलगडा. किती मदत घ्यायची हे अडलेल्यानेच ठरवायचे! आपल्याकडील बाजारू गाइडे संपूर्ण उत्तर एकदम हातात ठेवतात. त्यांच्याशी ही पद्धत ताडून पाहावी.

गंमत अशी, की या पुस्तिकांत काही खोटे प्रश्नही पेरलेले असत. नुसते प्रश्न वाचून पुढचा खेळ ओळखू पाहणाऱ्यांना ते चकवत, आणि त्यांची उत्तरे घासली की वाचकाचीच थट्टा निघे. येथे विनोद आणि माहिती यांची फारकत झालेली नाही. थट्टेतूनच 'स्वतः विचार कर' हे सांगितले जाते.

कळांची नोंद

डिसेंबर १९९३ मध्ये 'डूम' हा खेळ आला. त्यात आपला खेळ नोंदवून ठेवण्याची सोय होती, आणि तिची रचना मोठी चतुर होती. संगणक चित्र साठवत नसे. खेळाडूने केव्हा कोणती कळ दाबली एवढेच साठवत असे. खेळाचा काळ सेकंदाला ३५ टप्प्यांत विभागलेला होता आणि एका खेळाडूच्या प्रत्येक टप्प्याला ४ बाइट पुरत. हिशोब करा : ३५ × ४ × ६० = ८४०० बाइट, म्हणजे एक मिनिटाचा खेळ. तेव्हाच्या १.४४ मेगाबाइटच्या एका फ्लॉपीवर जवळजवळ तीन तासांचा खेळ मावू शके!

पण खेळातील राक्षस तर अनपेक्षितपणे वागतात. मग त्याच कळा पुन्हा दिल्यावर तोच खेळ कसा घडतो? याचे कारण डूममधील 'योगायोग' २५६ संख्यांच्या एका ठरलेल्या कोष्टकातून येतो. आरंभ तोच, कळा त्याच आणि कोष्टक तेच, म्हणून परिणामही तोच. नियतत्ववाद शिकवायला याहून सोपे उदाहरण मिळणे कठीण.

या नोंदींची लगेच देवाणघेवाण सुरू झाली आणि कमीत कमी वेळात खेळ संपवण्याच्या स्पर्धा रंगल्या. जून १९९७ मध्ये काही खेळाडूंनी 'क्वेक' या खेळाचे एकेक प्रकरण वाटून घेतले आणि त्यांच्या नोंदी जोडून संपूर्ण खेळ १९ मिनिटे ४९ सेकंदांत संपवून दाखवला. ही माहितीच्या शाखेची एक परिसीमा होय. मात्र त्यात एक उणीव राहते. अंतिम नोंद पाहणाऱ्याला निर्दोष धाव दिसते; तिच्यामागचे फसलेले प्रयत्न दिसत नाहीत.

हरणारा नायक

नेमकी हीच उणीव एका विनोदी नटाने भरून काढली. नोव्हेंबर २००३ मध्ये जपानच्या फुजी दूरचित्रवाणीवर 'गेम सेंटर सीएक्स' हा कार्यक्रम सुरू झाला. शिन्या अरिनो हा विनोदी जोडीतला कलाकार कचेरीतील विभागप्रमुखाचा वेष करून येतो आणि एखादा जुना, अवघड खेळ शेवटपर्यंत नेण्याचा प्रयत्न करतो. तो तरबेज खेळाडू नाही. एकाच खड्ड्यात तो पुन्हा पुन्हा पडतो, स्वतःवर हसतो. फारच अडला की सहायक मदतीला येतात. कधी तो जिंकतो, कधी वेळ संपतो आणि हार पत्करावी लागते.

वरवर पाहता हा निव्वळ करमणुकीचा कार्यक्रम. पण त्यातून प्रेक्षकाला काय कळते ते पाहा. खड्डा कोठे आहे, माणूस तेथे का फसतो, दहाव्या वेळी त्याने काय बदलले आणि ते का साधले. वेगाच्या विक्रमांत जे गाळले जाते ते सारे येथे आहे. हशा आणि माहिती एकाच ठिकाणाहून, म्हणजे चुकीतून, येतात.

दोन शाखा स्पष्ट होतात

२००५ च्या सुमारास इंग्रजीत 'लेट्स प्ले' हा प्रकार रूढ होऊ लागला. आरंभी खेळाच्या पडद्याची चित्रे क्रमाने लावून खाली मल्लिनाथी लिहिली जाई. बोलत बोलत खेळलेल्या चित्रफितीच्या आद्य प्रणेत्याचे श्रेय सामान्यतः मायकेल सॉयर या अमेरिकनाला दिले जाते, वर्ष २००७. यूट्यूब २००५ मध्ये सुरू झाले होते. पण २००६ पासून काही वर्षे तेथे सामान्यतः दहा मिनिटांची मर्यादा होती, म्हणून लांब खेळ अनेक तुकड्यांत द्यावे लागत.

येथून वाटा फुटल्या. एकीकडे कोपरान् कोपरा धुंडाळून खेळाची रचना उलगडणारे निवेदक, तर दुसरीकडे खेळ हे केवळ निमित्त करून आपल्या प्रतिक्रियांनी हसवणारे. दुसऱ्या वाटेवरील सर्वांत ठळक नाव स्वीडनच्या फेलिक्स शेलबर्ग ऊर्फ प्यूडिपाय याचे. २०१० मध्ये त्याने यूट्यूबवर सुरुवात केली. भीतीदायक खेळ खेळताना दचकणे आणि ओरडणे ही त्याची ओळख, आणि २०१३ मध्ये त्याची वाहिनी यूट्यूबवरील सर्वाधिक सदस्यांची ठरली. संख्येचा कौल हास्याकडे गेला, असे कोणालाही वाटेल.

तथापि २०१० मध्येच 'गेम्स डन क्विक' हे मदतनिधी गोळा करणारे वेगवान खेळाचे मेळावे सुरू झाले. तेथे खेळाडू खेळतो आणि मागच्या कोचावर बसलेले त्याचे सोबती थट्टामस्करी करत प्रत्येक युक्तीमागचे कारण सांगतात. दोन्ही शाखा येथे पुन्हा एकत्र येतात.

आपल्याकडे २०१६ नंतर मोबाइलवरील डेटा स्वस्त झाला आणि हे सारे घराघरांत पोचले. महागडा संगणक नसलेल्या मुलालाही दुसऱ्याचा खेळ पाहता येऊ लागला. पाहणे हेच त्याचे खेळणे, ही बाजूही विसरून चालणार नाही.

संशोधन काय सांगते?

२०१७ मध्ये फिनलंडमधील शोब्लोम आणि हमारी यांनी दुसऱ्याचा खेळ थेट पाहणाऱ्या १०९७ जणांची प्रश्नावली तपासली. पाहण्यात घालवलेल्या तासांशी माहितीची ओढ निगडित होती, तशीच ताण हलका करण्याची आणि सोबतीचीही. सारांश, माहिती हवी असणारे आणि करमणूक हवी असणारे असे प्रेक्षकांचे दोन कप्पे पाडणे भाबडेपणाचे आहे.

पण आवड वेगळी आणि शिकणे वेगळे. कॅप्लान आणि पॅस्को यांनी १९७७ मध्ये ५०८ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. काहींना गंभीर व्याख्यान दिले, तर काहींना विनोद असलेले. लगेच घेतलेल्या चाचणीत विनोदाचा फायदा दिसला नाही. सहा आठवड्यांनी मात्र ज्या संकल्पना विनोदी उदाहरणांतून मांडल्या होत्या, त्या विनोद ऐकलेल्यांच्या अधिक लक्षात राहिल्या होत्या. उलट, हार्प आणि मेयर यांनी १९९८ मध्ये वीज कशी चमकते या पाठात रंजक पण विषयाशी संबंध नसलेले तपशील घातले, तेव्हा मुख्य कार्यकारणभाव विद्यार्थ्यांना कमी आठवला. हे दोन्ही निष्कर्ष परस्परविरोधी नाहीत. हशा विषयाच्या आतून आला तर आठवणीला खुंटी मिळते. बाहेरून चिकटवला तर तीच खुंटी भलत्या गोष्टीने अडते.

आणखी एक धोका दोन्ही तटांना सारखाच लागू आहे. कार्डास आणि ओब्रायन यांनी २०१८ मध्ये दाखवले, की एखादे कौशल्य नुसते वारंवार पाहिले तरी 'हे मलाही जमेल' असा विश्वास वाढतो. भांड्यांखालून टेबलाचा कपडा झटक्यात ओढण्याची चित्रफीत वीस वेळा पाहिलेल्यांचा आत्मविश्वास एकदा पाहिलेल्यांहून जास्त होता. बाणफेकीत असा विश्वास वाढलेल्यांची प्रत्यक्ष कामगिरी मात्र सुधारली नाही. कसरतीचे दांडके हवेत झेलण्याची चित्रफीत पाहिल्यावर ते दांडके क्षणभर हातात धरायला दिले, तेवढ्यानेही हा फुगा बराच खाली आला.

फळ्यावरचे गणित पाहून 'समजले, सर' म्हणणारा आणि वहीत अडणारा विद्यार्थी येथे आठवल्याशिवाय राहत नाही. तो खोटे बोलत नसतो. त्याला खरोखरच समजल्यासारखे वाटलेले असते, कारण आपण त्याला निर्दोष धाव दाखवलेली असते.

आम्ही संशोधकही याच दोषाचे धनी आहोत. शोधनिबंध हा विचाराची खरी वाटचाल लपवतो, असा आक्षेप पीटर मेडावार यांनी १९६३ मध्येच घेतला होता. सहा महिने फसलेले प्रयोग छापील पानावर येत नाहीत. येते ती फक्त १९ मिनिटे ४९ सेकंदांची गोष्ट.

वर्गात करून पाहण्यासारखे

जडत्वाचा पाठ घेताना पेल्यावर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर नाणे ठेवून टिचकी मारण्याचा प्रयोग आपण करतोच. या वेळी तो मुद्दाम फसवून पाहा. पुठ्ठा हळू ओढा. नाणे पुठ्ठ्यासोबतच जाईल. वर्ग हसेल. त्याच क्षणी विचारा, 'माझे काय चुकले?' इनव्हिजिक्लूजप्रमाणे पहिली सूचना मोघम द्या, दुसरी थोडी स्पष्ट; पूर्ण उत्तर शक्यतो देऊच नका. आणि मग पेला, पुठ्ठा व नाणे मुलांच्या हातात द्या. दुसऱ्याचा खेळ पाहण्याचा शेवट स्वतःच्या हातात वस्तू येण्यात झाला, तरच तो पाहणे सार्थ झाले असे म्हणता येईल.

तेव्हा 'हसवावे की शिकवावे' हा प्रश्नच चुकीचा मांडला गेला आहे. विचारायचे ते इतकेच : वर्ग कशावर हसला? शिक्षकाच्या नकलेवर हसला असेल, तर तास मजेत गेला एवढेच. नाणे पेल्यात का पडले नाही यावर हसला असेल, तर तास संपल्यावरही ते नाणे त्याच्या डोक्यात फिरत राहील.