मामाचा तलाव

पुण्यातल्या माझ्या फ्लॅटमध्ये दोन फुटांचा एक फिशटँक आहे. खाली माती, वर बारीक खडे, त्यात लावलेली खरीखुरी पाणवनस्पती. दिवसभर स्क्रीनवर कोड बघून डोळे दुखले की मी या टँकसमोर बसतो. पहिल्या तीन महिन्यांत काचेवर हिरवा थर चढला, पानांवर तपकिरी पावडर बसली. दुकानदार म्हणाला, "एक सकर टाका, सगळं साफ करतो." मी टाकला. बोटाएवढा काळपट मासा, काचेला तोंड लावून चिकटणारा. वर्षभरात तो माझ्या तळहाताहून लांब झाला, शेवाळ सोडून दुसऱ्या माशांचा खाऊ खायला लागला आणि शेपटीच्या फटकाऱ्याने झाडं उपटायला लागला.

मग मी शेवाळ खाणारे सहा छोटे मासे आणले. नाव ओटोसिंक्लस, हौशी मंडळी नुसतं 'ओटो' म्हणतात. दीड इंचाचा, दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांमधला, अतिशय गरीब मासा. त्यांना मी शेवाळाच्या गोळ्या टाकल्या, उकडलेली काकडी टाकली, पालकाचं पान दगडाखाली दाबून ठेवलं. त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. दोन आठवड्यांत सहापैकी चार गेले. पोटं आत गेलेली होती. अन्न समोर असताना ते उपाशी मेले, हे मला बरेच दिवस खटकत राहिलं.

या लेखातला बाकीचा सगळा इतिहास मी त्या चार माशांमुळे वाचला.

काचेच्या टँकमध्ये पाणी न बदलता मासे जगवायचं कोडं ज्यांनी पहिल्यांदा नीट सोडवलं, त्यात रॉबर्ट वॉरिंग्टन या लंडनच्या रसायनशास्त्रज्ञाचं नाव मोठं आहे. १८५० मध्ये त्याने आपला प्रयोग केमिकल सोसायटीपुढे मांडला. काचेच्या भांड्यात दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया नावाची फितीसारख्या लांब पानांची एक पाणवनस्पती. माशांच्या श्वासातून सुटणारा वायू झाड घेईल, झाडाने सोडलेला प्राणवायू मासे घेतील, असा हिशेब होता. हिशेब बरोबर होता, तरी काही दिवसांत जुनी पानं कुजू लागली, काचेवर हिरवा थर चढला, पाणी गढुळलं. माझ्या टँकसारखंच. वॉरिंग्टनने मग तळ्यातल्या गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पानं आणि शेवाळ खाल्लं, त्यांची अंडी माशांना खाऊ झाली आणि पाणी निवळलं. शेवाळ खाणारा जीव मुद्दाम आणून टँकचा तोल सांभाळण्याची ही सुरुवातीची नोंद.

पण त्याचं वाचताना मी व्हॅलिस्नेरियापाशी थांबलो. हे नाव मी आधी कुठेतरी ऐकलं होतं. लंडनच्या नव्हे, गोंदिया जिल्ह्यातल्या एका तलावाच्या संदर्भात.

माझं आजोळ गोंदियातल्या अर्जुनी-मोरगाव तालुक्यात. तिथल्या तलावांना सगळे 'मामा तलाव' म्हणतात. दहा वर्षांचा होईपर्यंत तो तलाव माझ्या मामाचा आहे असंच मला वाटायचं आणि मामानेही कधी दुरुस्ती केली नाही. 'मामा' म्हणजे माजी मालगुजारी, हे फार उशिरा कळलं.

जुन्या भंडारा आणि चांदा जिल्ह्यांत, म्हणजे आजच्या भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीत असे हजारो तलाव आहेत. गावाशेजारची लहानशी बोडी ते मैलभर पसरलेलं पाणी, असे सगळ्या आकारांचे. यातले बरेचसे गोंड राजांच्या काळात बांधले गेले. जो जंगल तोडून गाव वसवील आणि तलाव बांधील त्याला जमीन मिळेल, असं राजाचं धोरण होतं, असं परंपरा सांगते. बांधणारे मुख्यतः कोहळी. चांद्याच्या गोंड राजाने काशीयात्रेहून परतताना त्यांना सोबत आणलं, अशी त्यांची आख्यायिका रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ मध्ये छापलेल्या मध्य प्रांतातल्या जातिजमातींच्या ग्रंथात नोंदवली आहे. तलाव आणि ऊस या दोन गोष्टींत कोहळ्यांचा हात कुणी धरू शकत नसे.

नवेगावबांध हे त्यांचं सर्वांत प्रसिद्ध काम. सात टेकड्यांच्या मधल्या फटी मातीच्या पाळींनी बुजवून अडवलेलं हे पाणी. त्या टेकड्यांना लोक 'सातबहिणी' म्हणतात. तलाव बांधणारा कोलू पाटील कोहळी पुढे 'कोलासूर देव' झाला. धरण बांधणाऱ्या इंजिनियरला देव करणारं गाव माझ्या आजोळापासून जवळच आहे, हे मी ऑफिसात अभिमानाने सांगतो. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून याच नवेगावात राहिले आणि इथलं पाणी, पाखरं, मासे त्यांनी मराठीत आणले.

कोहळ्यांनी पाणी अडवलं, पण पाण्याच्या आतलं जग ठाऊक होतं धीवरांना. कोणता मासा काय खातो, अंडी कुठल्या झाडाच्या पानाला चिकटवतो, पावसाच्या पहिल्या लोंढ्यात कुठून वर चढतो, हे त्यांचं पिढीजात ज्ञान. मरळ, शिंगी, मागूर, वाम हे इथले मासे. शिवाय शिंगाडा, कमळाचे कंद, काठावरचा देवधान. तलाव म्हणजे भाताचं पाणी तर होतंच, धीवरांच्या घरी तो स्वयंपाकघराचाच भाग होता.

३१ मार्च १९५१. तेव्हा हा मुलूख मध्य प्रदेशात होता. त्या दिवसापासून तिथे मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले. मालगुजारी गेली हे चांगलंच झालं. वेठबिगार करून घेणारे मालगुजार काही संत नव्हते. पण गाळ काढणं, पाळ चोपणं, सांडवा बघणं ही गावाने मिळून करायची कामं आता खात्याची झाली आणि हळूहळू कुणाचीच राहिली नाहीत. गंमत म्हणजे त्याच १९५१ साली मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडलं. एकीकडे काचेआडचे मासे बघायला रांगा लागत होत्या आणि दुसरीकडे हजारो जिवंत मत्स्यालयं फाइलीत जाऊन पडली होती.

पुढची तारीख १० जुलै १९५७. ओडिशातल्या अंगुल इथे डॉ. हिरालाल चौधुरी यांनी पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून वाहत्या नदीशिवाय कार्प माशांची वीण घडवली. हा दिवस आपण राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतो. या शोधाने रोहू, कटला, मृगळ यांचं बीज हवं तेव्हा, हवं तितकं मिळायला लागलं. १९५९ मध्ये परदेशातून ग्रास कार्प आणि सिल्व्हर कार्प आले. १९७१ पासून एकाच तलावात वेगवेगळ्या थरांत खाणारे मासे मिळून वाढवण्याचा देशव्यापी प्रकल्प सुरू झाला. कटला वरचं प्लवक खाणार, रोहू मधल्या पाण्यातलं शेवाळ आणि झाडांचे तुकडे, मृगळ तळाचा कुजका गाळ, ग्रास कार्प पाणवनस्पती. कागदावर हे इतकं सुबक आहे की माझ्यातला इंजिनियर खूश होतो. एकही थर वाया जात नाही!

आणि देशाला स्वस्त मासा मिळाला, हे खरंच आहे. पण ग्रास कार्प अनुकूल पाण्यात दिवसाला स्वतःच्या वजनाइतकी हिरवळ फस्त करू शकतो. शेततळ्यात ते गुणाचं. जिथे मरळीची पिल्लं झाडोऱ्यात लपतात आणि छोटे मासे पानांवरचं शेवाळ खरवडून जगतात, त्या जुन्या तलावात मात्र तो घरच उचकटतो. वरून गाळ साचला, काठावर बेशरम पसरली. ही जांभळ्या फुलांची अमेरिकी झुडपं ना गुरं खात, ना मासे. पाण्यातली झाडं गेली आणि त्यांच्यामागोमाग गावठी मासे गेले. बाहेरून विकत आणलेलं बीज दरवर्षी सोडायचं आणि मोठं झालं की काढायचं, एवढंच धीवरांच्या हाती उरलं.

इथे व्हॅलिस्नेरिया परत येते. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर आणि अर्जुनी-मोरगाव भागातले धीवर यांनी मिळून एक साधा प्रश्न विचारला: मासे परत आणायचे तर आधी काय आणावं लागेल? उत्तर धीवरांच्याच आठवणीत होतं. कुठलं झाड कुठल्या खोलीवर वाढायचं आणि त्यात कुठला मासा असायचा, याची उजळणी झाली. मग उन्हाळ्यात पाणी आटल्यावर बेशरम मुळासकट उपटायची, उघडा पडलेला तळ नांगरायचा आणि पावसाचं पाणी भरू लागलं की हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया, कुमुदिनीसारख्या वनस्पती हाताने लावायच्या. भाताची रोवणी करावी तशी तलावाच्या तळाची रोवणी. या कामात बायका पुढे होत्या. झाडं धरली, काही हंगामांत गावठी मासे पुन्हा जाळ्यात दिसू लागले, पाखरंही परतली.

हे सगळं मला गेल्या दिवाळीत ठाऊक नव्हतं. तेव्हा मी एक भारी बेत केला होता. टँकमध्ये न मावणारा माझा सकर मी पाण्याच्या डब्यात घालून महाराष्ट्र एक्सप्रेसने गोंदियाला आणला आणि तिथून बल्लारशाहच्या गाडीने आजोळी. एवढा मोठा मामा तलाव आहे, सुखाने जगेल बिचारा, शेवाळही खाईल.

पाळीवर शिंगाड्याचा ढीग पडला होता. मामाच्या ओळखीचे एक म्हातारे धीवर काका शिंगाडे निवडत बसले होते. त्यांनी डब्यात डोकावून पाहिलं.

"हा काय खाते, बाबू?"

"शेवाळ खातो, काका."

"अन् शेवाळ सरल्यावर?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं तर होतं, मी ते वर्षभर टँकमध्ये पाहिलं होतं. काकांनी डब्याचं झाकण लावलं आणि माझ्या हातात दिलं.

"इथं नोको सोडू. मासा ठेवाचा असन तं आधी त्याचा चारा ठेवा लागते. मासा मंग येतेच."

हाच सकर हौशी लोकांच्या टँकमधून सुटून भीमेवरच्या उजनी धरणात पोचला आहे आणि तिथल्या मच्छीमारांच्या जाळ्यात नको इतका येतो. त्याचे काटे जाळी फाडतात आणि त्याला बाजारात भाव नाही. पुण्याला परतल्यावर हे वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. धीवरांनी नांगरून, हाताने रोवून उभ्या केलेल्या तलावांच्या प्रदेशात मी प्रेमापोटी तो मासा सोडणार होतो. ग्रास कार्प आणणाऱ्यांचा हेतू तरी कुठे वाईट होता?

सकर माझ्यासोबतच परत आला. आता तो एका मित्राच्या सहा फुटी टँकमध्ये आहे.

आणि ओटो? ते दगडावरचा, पानांवरचा बारीक जिवंत थर खरवडून जगतात. शेवाळ, जिवाणू, सूक्ष्म जीव यांचा तो थर महिनोन्‌महिने जुन्या झालेल्या टँकमध्येच दाट होतो. मी दर रविवारी काच, दगड, पानं घासून चकाचक करायचो आणि मग गोळ्या टाकून ते खात का नाहीत म्हणून चिडायचो. त्यांचं ताट मीच धुऊन ठेवत होतो.

आता मी फक्त समोरची काच पुसतो. मागची आणि बाजूची काच हिरवी होऊ देतो. चार-पाच गोटे पाण्याच्या बाटलीत घालून बाल्कनीतल्या उन्हात ठेवतो, ते हिरवे झाले की टँकमधल्या गोट्यांशी अदलाबदल करतो. उरलेले दोन ओटो जगले. एप्रिलमध्ये मी आणखी चार आणले. सहाही आहेत, पोटं गोल आहेत. मजा म्हणजे त्यातला एक आता काकडीही खातो.

टँकच्या मागच्या बाजूला व्हॅलिस्नेरिया लावली आहे. परवा मामाचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा त्याला दाखवली. तो फोन डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "हे तं आपल्या तलावातलंच होय. याचे पैसे देल्ले तू?"