हिमातले अन्नछत्र

अमेरिकेच्या वायोमिंग राज्यात, टेटन पर्वतरांगेच्या पायथ्याशी जॅक्सन होल नावाचे एक खोरे आहे. चहूबाजूंनी डोंगरांनी वेढलेल्या सखल जागेला तिकडचे जुने फरशिकारी 'होल' म्हणत, आणि त्यांच्यापैकीच एकाचे नाव या खोऱ्याला चिकटले. समुद्रसपाटीपासून सुमारे सहा हजार दोनशे फूट उंचीवरील या खोऱ्यात हिवाळा पाच-सहा महिने मुक्काम ठोकतो. तापमान शून्याखाली तीस अंशांपर्यंत उतरते. अशा ठिकाणी एका सरकारने शंभराहून अधिक वर्षे रानातल्या हरणांसाठी अन्नछत्र चालविले आहे. ते का सुरू झाले आणि आज ते बंद करणे इतके अवघड का होऊन बसले आहे, ही कथा सांगण्याजोगी आहे.

ही हरणे म्हणजे एल्क. आपल्या सांबराचा हा थोरला भाऊ म्हणावा. पूर्ण वाढलेला नर तीनशे किलोंच्या घरात जातो, आणि दर वसंतात गळून पडणारी त्याची शिंगे माणसाच्या हातांच्या कवेत मावत नाहीत. उन्हाळ्यात हे कळप यलोस्टोनच्या पठारावर आणि टेटनच्या उंच कुरणांत चरतात. पहिला हिमवर्षाव झाला की ते खाली उतरतात. खाली बर्फ कमी, वारा ते उडवून नेतो, आणि खुरांनी उकरले की वाळके गवत हाती लागते. उन्हाळ्यात अंगावर चढविलेली चरबी आणि हे उकरलेले गवत यांवर एल्क हिवाळा काढतो. दर हिवाळ्यात काही म्हातारे आणि काही पाडसे मरत. त्यात नवल नव्हते.

मग माणूस आला. १८६२ च्या कायद्याने अमेरिकन सरकारने वसाहतकऱ्यांना प्रत्येकी १६० एकर जमीन देऊ केली होती, आणि १८८४ पासून जॅक्सन होलमध्ये कायमची वस्ती होऊ लागली. या लोकांनी कोणती जमीन घेतली? अर्थातच खोऱ्याच्या तळाची, ओढ्याकाठची, गवताची. एल्कांचे हिवाळी कुरण तेच होते. तेथे कुंपणे उभी राहिली, गुरे चरू लागली, आणि उन्हाळ्यात कापलेल्या गवताच्या गंज्या रचल्या गेल्या. दक्षिणेकडील मैदानांकडे जाण्याच्या वाटाही वस्त्यांनी अडवल्या. डोंगरावरून उतरलेल्या कळपाला गंजीचा वास येई आणि तो कुंपण मोडून आत शिरे. गंजी गेली तर गुरे उपाशी मरणार, म्हणून शेतकरी कडाक्याच्या थंडीत रात्र-रात्र गंजीपाशी पहारा देत.

१९०८-०९ पासूनचे लागोपाठ तीन हिवाळे भीषण गेले. नुसत्या भुसभुशीत बर्फाने एल्क मरत नाही. मध्येच ऊन पडून बर्फ वितळते आणि रात्री पुन्हा गोठते, तेव्हा त्यावर काचेसारखे कवच धरते. ते खुरांनी फुटत नाही, आणि खालचे गवत दिसत नाही की मिळत नाही. एल्क हजारोंनी मेले. वसंतात जमिनीला पाय न लावता मेलेल्या जनावरांवरून मैलभर चालत जाता आले असते, अशी आठवण त्या खोऱ्यातले जुने रहिवासी पुढे सांगत असत.

ज्या शेतकऱ्यांनी गंज्या राखण्यासाठी रात्री जागवल्या, त्यांनीच आता वर्गणी काढून गवत विकत घेतले आणि एल्कांपुढे टाकले. ही निव्वळ भूतदया होती का? काही अंशी होतीच. दाराशी पाडसे कुडकुडत मरताना पाहणे सोपे नसते. पण खोऱ्यातल्या पुष्कळांची मिळकत बाहेरून येणाऱ्या शिकाऱ्यांना वाट दाखविण्यावर होती, आणि एल्क संपले तर शिकारीही संपणार होते. दया आणि हित येथे एकाच गाडीला जुंपले गेले होते. मला तरी त्यात कमीपणा वाटत नाही.

स्टीफन लीक हा अशांपैकीच एक. शेतकरी, शिकाऱ्यांचा वाटाड्या आणि हौशी छायाचित्रकार. त्याने उपासमारीने मरणाऱ्या एल्कांची छायाचित्रे काढली, मासिकांना दिली, आणि काचेच्या पट्ट्या घेऊन तो गावोगाव व्याख्याने देत फिरला. मोठ्या शहरांतील ज्या लोकांनी एल्क कधी पाहिला नव्हता, त्यांच्यापुढे पडद्यावर तो हाडांचा सापळा उभा राहिला. वायोमिंगच्या विधिमंडळाने १९०९ मध्ये गवतासाठी पाच हजार डॉलर मंजूर केले. १९११ मध्ये अमेरिकन काँग्रेसने वीस हजार डॉलर दिले आणि चौकशीसाठी एडवर्ड प्रेबल या निसर्गशास्त्रज्ञाला पाठवले. १० ऑगस्ट १९१२ रोजी हिवाळी आश्रयस्थानाच्या जमिनीसाठी पंचेचाळीस हजार डॉलर मंजूर झाले. तेच पुढचे नॅशनल एल्क रेफ्यूज. १९२७ मध्ये आयझॅक वॉल्टन लीग या संस्थेने मोठी जमीन विकत घेऊन सरकारला दान केली, आणि आज हे क्षेत्र सुमारे २४,७०० एकरांचे आहे. वाढत्या जॅक्सन शहराच्या अगदी वेशीला ते लागून आहे.

उन्हाळ्यात गवत कापायचे, गंज्या रचायच्या, आणि हिवाळ्यात घोड्यांच्या घसरगाड्यांवर लादून बर्फावर ओळीने पसरायचे, असा क्रम बसला. गाडी दिसली की हजारो एल्क तिच्यामागे शिस्तीने चालत. उपासमारीचे मरण खूपच घटले. येथवर ही यशाची कथा आहे.

पण गवत भरपूर असूनही दरवर्षी पाडसे मरतच होती. ते का, हे शोधायला १९२७ मध्ये सरकारने ओलॉस म्युरी या जीवशास्त्रज्ञाला जॅक्सनला पाठवले. म्युरी आधी अलास्कात कॅरिबू हरणांचा अभ्यास करून आला होता. तो मेलेल्या जनावरांची तोंडे उघडून पाहू लागला. हिरड्यांवर आणि जिभेवर व्रण, जबड्याचे हाड सडलेले. कारण सापडले ते त्या दयेच्या गवतातच. कापलेल्या गवतात कुसळे असलेले जंगली बार्ली पुष्कळ होते. ती राठ कुसळे तोंडाच्या आतल्या नाजूक कातडीत रुतत, आणि जखमेतून जंतू शिरत. भातखाचरात वावरलेल्यांना कुसळ कसे रुतते ते वेगळे सांगायला नको. रानातला एल्क झुडपे, पाने, निरनिराळे गवत निवडून खातो. ओळीत उभा राहिलेला एल्क पुढ्यात येईल ते खातो. म्युरी उर्वरित आयुष्य त्या खोऱ्यातच राहिला, आणि १९५१ मध्ये उत्तर अमेरिकेतील एल्कवरचा त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. या विषयात तो अजून आधाराला घेतला जातो.

कुसळांवर उपाय निघाला. १९७५ पासून गवताऐवजी लसूणघासाच्या दाबून केलेल्या गोळ्या दिल्या जाऊ लागल्या. पण दुसरे एक दुखणे तोवर मुरले होते. १९३० मध्येच तेथील एल्कांत ब्रुसेलोसिस आढळला होता. आपले पशुवैद्य त्याला सांसर्गिक गर्भपात म्हणतात. युरोपातून आणलेल्या गुरांबरोबर हा रोग अमेरिकेत आला. तो झालेली मादी बहुधा पहिले पाडस टाकते, आणि बर्फावर पडलेल्या त्या गर्भाला हुंगणाऱ्या-चाटणाऱ्या इतर माद्यांना तो जडतो. मोकळ्या रानात गाभण मादी कळपापासून दूर जाते, गर्भ पडला तरी तो कोल्ह्या-कावळ्यांच्या पोटी जातो. अन्नछत्रावर मात्र फेब्रुवारी-मार्चच्या ऐन दिवसांत हजारो माद्या खांद्याला खांदा लावून उभ्या असतात.

आपल्याकडे मराठवाड्यात २०१२-१३ च्या दुष्काळात चारा छावण्या उघडल्या होत्या. तेथेही गर्दी आणि तेथेही रोगाची धास्ती. पण छावणीतल्या गाईला मालक असतो, दावे असते, लस टोचता येते. आणि पाऊस पडला की छावणी उठते. एल्कांची छावणी दर हिवाळ्याला पुन्हा भरते. लस देण्याचाही प्रयत्न झाला. वायोमिंग राज्याने १९८५ पासून आपल्या अन्नछत्रांवर, बंदुकीतून झाडता येणाऱ्या आणि शरीरात विरघळणाऱ्या गोळ्यांतून ती टोचली. वर्षानुवर्षे हे चालले, पण रोग हटला नाही. राष्ट्रीय आश्रयस्थानाखेरीज या राज्याची स्वतःची अशी वीसेक अन्नछत्रे आहेत, आणि त्यांचा एक हेतू एल्कांना गुरांच्या गोठ्यांपासून दूर ठेवणे हाही आहे. तरीही गुरांना लागण झालीच; २००४ मध्ये वायोमिंगने रोगमुक्त राज्याचा दर्जा गमावला आणि तो परत मिळण्यास दोन वर्षे लागली. दरम्यान १९८० मध्ये रानगव्यांसारखे दांडगे बायसनही या आयत्या ताटावर येऊ लागले होते.

प्रश्न आता संख्येचा झाला. खोरे हिवाळ्यात जितकी तोंडे पोसू शकते त्याहून अधिक तोंडे अन्नछत्राने जगवली. भुकेली तोंडे ओढ्याकाठची विलो आणि ॲस्पेनची रोपे वर येऊ देत नाहीत, म्हणजे उद्याचे कुरण आणखी आखडते, आणि अन्नछत्राची गरज आणखी वाढते. २००७ च्या सरकारी योजनेने आश्रयस्थानावर पाच हजार एल्क आणि पाचशे बायसन हे उद्दिष्ट ठरवले आणि खाद्य टप्प्याटप्प्याने घटवायचे म्हटले, पण ते केव्हा थांबवायचे याची तारीख दिली नाही. वन्यजीवप्रेमी संस्था न्यायालयात गेल्या. २०११ मध्ये अपील न्यायालयाने योजना कायम ठेवली. मात्र हे खाद्य असेच चालू राहिले तर आश्रयस्थानाच्या मूळ उद्देशालाच बाधा येईल, हेही निकालात नमूद केले.

तोवर क्षितिजावर एक अधिक काळी सावली दिसू लागली होती. 'क्रॉनिक वेस्टिंग डिसीज' या हरणांच्या रोगात जनावर झिजत जाऊन मरते. त्यावर लस नाही, औषध नाही, आणि त्याचे मूळ असलेले विकृत प्रथिन मातीत वर्षानुवर्षे टिकून राहते. जेथे रोज त्याच त्या जमिनीवर हजारो तोंडे खाली झुकतात, तेथे त्याचा अर्थ काय होतो ते सहज कळावे. डिसेंबर २०२० मध्ये शेजारच्या ग्रँड टेटन राष्ट्रीय उद्यानातील एका एल्कमध्ये तो सापडला. २०२४-२५ च्या हिवाळ्यात राज्याच्या अन्नछत्रांवर मेलेल्या एल्कांतही तो आढळला.

मग बंद का करीत नाहीत, असे दुरून विचारणे सोपे आहे. एखाद्या कडक हिवाळ्यात खाद्य थांबवले, तर १९०९ चे दृश्य पुन्हा दिसेल, आणि या वेळी ते जॅक्सनच्या हॉटेलांच्या खिडक्यांतून दिसेल. उपाशी कळप रस्त्यांवर आणि पशुपालकांच्या गोठ्यांत उतरतील. मार्गदर्शक, शिकारी, घसरगाडीतून एल्क पाहायला येणारे प्रवासी, सर्वांची घडी या संख्येवर बसली आहे. गावातले बॉय स्काउट दर वसंतात गळलेली शिंगे गोळा करून १९६८ पासून लिलावात विकतात, आणि त्यातला मोठा वाटा आश्रयस्थानाच्या कामाला परत जातो. चौकातल्या चार कमानीही याच शिंगांच्या आहेत. २०२१ मध्ये वायोमिंगने कायदा करून राज्याचे अन्नछत्र कायमचे बंद करण्याचा अधिकार वन्यजीव खात्याकडून काढून थेट गव्हर्नरच्या हाती दिला.

आश्रयस्थानावर पद्धत वेगळी आहे. हिवाळा ऐन भरात आला की तेथले अधिकारी बर्फात उतरून, एकरी किती चारा शिल्लक आहे आणि तो एल्कांच्या तोंडी लागण्याजोगा आहे की नाही, हे मोजतात. तो एकरी तीनशे पौंडांच्या आसपास आला की लसूणघासाच्या गोळ्यांच्या गाड्या बाहेर काढायच्या, असा तेथला दंडक आहे. अलीकडे ते मोजमाप झाल्यावरही गाड्या काही दिवस थांबवून ठेवतात, म्हणजे पाडसांना गाडीची वाट पाहण्याची सवय लागायला उशीर होईल.