पुढची पिढी कोणी घडवावयाची?

कोणत्याही सार्वजनिक संस्थेचा वार्षिक अहवाल उघडून पाहावा. त्यात जमाखर्चाचे तक्ते असतात, देणगीदारांची नामावली असते, गुणवंत विद्यार्थ्यांचे अभिनंदन असते. परंतु संस्थेचा भार उद्या उचलू शकतील अशी नवी माणसे या वर्षात किती तयार झाली, हा आकडा त्यात कोठेच आढळत नाही. वस्तुतः संस्थेची खरी शिल्लक हीच होय. पैसा वर्गणीने जमतो, इमारत देणगीने उभी राहते. कार्यकर्ता मात्र वर्गणीने मिळत नाही आणि देणगीनेही मिळत नाही. तो घडवावा लागतो. तो कसा घडवावा, याचा एक उत्तम धडा आपल्या महाराष्ट्राच्या इतिहासात आहे. स्मरणिकेच्या निमित्ताने तो ज्ञातिबांधवांपुढे आणि भगिनींपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू.

हा धडा पुण्यात सुरू होतो. २ एप्रिल १८७० रोजी तेथे सार्वजनिक सभेची स्थापना झाली. पर्वती संस्थानच्या कारभाराविषयी लोकांच्या तक्रारी होत्या, त्यांतून ही सभा जन्मास आली. तिचे प्राण म्हणजे वकील गणेश वासुदेव जोशी. लोक त्यांस प्रेमाने 'सार्वजनिक काका' म्हणत. या सभेचा एक नियम आज आपण सर्वांनी लक्षात घेण्याजोगा आहे. सभासद होऊ इच्छिणाऱ्याने निदान पन्नास माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावयाचे असे. म्हणजे सभासदत्व मिळण्यापूर्वीच त्यास पन्नास दारी जावे लागे, पन्नास माणसांस आपले म्हणणे पटवून द्यावे लागे. कार्यकर्त्याची पहिली परीक्षा प्रवेशद्वारातच होई.

१८७१ साली महादेव गोविंद रानडे न्यायाधीश म्हणून पुण्यास आले आणि सभेच्या कार्यास विचारांची जोड मिळाली. रानडे सरकारी नोकर होते. उघडपणे व्यासपीठावरून पुढारीपण करणे त्यांस शक्य नव्हते. दुसरा कोणी असता तर या अडचणीचे कारण सांगून घरी स्वस्थ बसला असता. रानड्यांनी मात्र या अडचणीतून एक मोठी गोष्ट साधली. आपणांस जे बोलता येत नाही ते बोलणारी, जे करता येत नाही ते करणारी माणसे त्यांनी तयार केली. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळात सभेने गावोगाव माणसे पाठवून खरी माहिती गोळा करविली व ती सरकारपुढे मांडली. १८७८ पासून सभेचे त्रैमासिक निघू लागले. कामाची आखणी बहुधा रानड्यांची असे. पण नाव, मान आणि जबाबदारी ही चिटणीसांची आणि कार्यकर्त्यांची असे. आम्हांस वाटते, रानड्यांच्या मोठेपणाचे हे अंग जितके सांगितले जावयास हवे तितके सांगितले जात नाही.

या परंपरेचे सर्वांत सुंदर फळ म्हणजे गोपाळ कृष्ण गोखले. ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे एका गरीब घरात त्यांचा जन्म झाला. लहानपणीच वडील वारले. थोरल्या भावाने नोकरी करून, स्वतः काटकसर सोसून त्यांस शिकविले. १८८४ साली ते पदवीधर झाले आणि पुढील वर्षी न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक म्हणून लागले. तेथे त्यांनी मुलांसाठी अंकगणिताचे पुस्तक लिहिले. ते पुढे पुष्कळ वर्षे शाळाशाळांतून चालले. आमच्यासारख्या शाळामास्तराने याचा अभिमान बाळगला तर वाचकांनी तो क्षम्य मानावा.

सुमारे १८८७ साली गोखले रानड्यांच्या सहवासात आले. त्या वेळी ते अवघे एकवीस वर्षांचे होते. रानड्यांनी त्यांस उपदेशाची व्याख्याने दिली नाहीत; त्यांच्यापुढे काम टाकले. सभेच्या त्रैमासिकाचे संपादन या तरुण शिक्षकाकडे आले, आणि १८९० साली सभेचे चिटणीसपदही आले. सरकारी अहवाल वाचावे, अंदाजपत्रकांतील आकडे पडताळावे, त्यांचा सारांश काढावा, अर्जाचा मसुदा करावा आणि तो रानड्यांच्या नजरेखालून घालावा, असा हा क्रम होता. मसुद्यात चूक निघे, तो पुन्हा लिहावा लागे. रानड्यांच्या निधनापर्यंत, म्हणजे १९०१ पर्यंत, सुमारे चौदा वर्षे हे शिक्षण चालले. पुढे कायदे कौन्सिलात गोखले अंदाजपत्रकावर बोलावयास उभे राहत तेव्हा विरोधकही त्यांचे आकडे काळजीपूर्वक ऐकत. त्या सामर्थ्याचा पाया या चौदा वर्षांत घातला गेला होता.

या शिक्षणातील एक प्रसंग गोखले स्वतः सांगत असत. सभेने फार परिश्रमाने तयार केलेल्या अर्जांस सरकारकडून दोन ओळींचे कोरडे उत्तर येई. तरुण गोखल्यांस वाटले, मग एवढा खटाटोप कशासाठी? रानड्यांनी त्यांस समजाविले, की हे अर्ज नावापुरते सरकारास उद्देशून असतात. खरे पाहता ते आपल्याच लोकांसाठी असतात. अशा प्रश्नांचा विचार कसा करावा हे लोकांनी शिकावे, एवढ्यासाठी ते लिहावयाचे. कार्यकर्त्याचा उत्साह मावळू लागतो तेव्हा त्यास कामाचा दूरचा अर्थ दाखविणे हे वडीलधाऱ्याचे कर्तव्य आहे, हे या प्रसंगावरून दिसून येते.

परंतु खरी कसोटी अपयशाच्या वेळी लागते. १८९७ साली वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी गोखले विलायतेस गेले. त्या साक्षीच्या तयारीत गणेश व्यंकटेश जोशी या विद्वान मुख्याध्यापकांनी त्यांस मोठे साहाय्य केले होते. (हे जोशी सार्वजनिक काकांहून निराळे.) साक्ष उत्तम झाली. परंतु तेथेच पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे प्लेगच्या बंदोबस्तातील सोल्जरांच्या वर्तनाविषयी गोखल्यांनी काही गंभीर विधाने केली, आणि परत आल्यावर त्यांचा पुरावा त्यांस देता आला नाही. त्यांनी जाहीर माफी मागितली. चोहोकडून टीकेचा भडिमार झाला. एका तरुण कार्यकर्त्याचे सार्वजनिक जीवन तेथेच संपावयाचे. पण रानड्यांनी त्यांस दूर लोटले नाही. गोखलेही घरात बसून राहिले नाहीत. पुण्यातील प्लेगनिवारणाच्या कामात ते स्वयंसेवक म्हणून राबले. दोनच वर्षांनी, १८९९ साली, ते मुंबईच्या कायदे कौन्सिलात निवडून आले. चुकलेल्या तरुणास आपण काय देतो, पाठ की आधार, यावर संस्थेचे भवितव्य ठरते.

आपण जसे घडलो तसे इतरांस घडविण्याची सोय असावी, या विचाराने १२ जून १९०५ रोजी गोखल्यांनी पुण्यास भारत सेवक समाज स्थापन केला. त्यांच्याबरोबर नटेश अप्पाजी द्रविड, गोपाळ कृष्ण देवधर आणि अनंत विनायक पटवर्धन या तिघांनी व्रत घेतले. सभासदाने सात शपथा घ्यावयाच्या असत. देशाचा विचार प्रथम करीन, स्वतःसाठी द्रव्य मिळविण्याच्या मागे लागणार नाही, कोणाशी व्यक्तिगत भांडण करणार नाही, अशा त्या शपथा होत्या. जात आणि पंथ न पाहता सर्व भारतीयांस बंधू मानीन, अशीही एक शपथ त्यांत होती. ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत हे मुद्दाम लिहितो. ज्ञाती ही सेवेची पहिली पायरी आहे, अखेरची नव्हे. आपला तरुण या पायरीवरून वर चढला पाहिजे.

समाजात पाच वर्षांची उमेदवारी असे. तीन वर्षे पुण्यास अभ्यास आणि दोन वर्षे देशात प्रवास. त्या काळात उमेदवार सर्वस्वी गोखल्यांच्या मार्गदर्शनाखाली असे. १९१५ साली गांधीजी दक्षिण आफ्रिकेतून परतले तेव्हा त्यांसही गोखल्यांनी एक वर्ष देश पाहावा, सार्वजनिक प्रश्नांवर बोलू नये, असेच वचन घातले आणि गांधीजींनी ते पाळले. आधी पाहणे, ऐकणे, शिकणे. बोलणे मागाहून, हाच तो नियम.

त्याचे फळ काय झाले? १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या केवळ अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, गोखले वारले. पण समाज पोरका झाला नाही. मद्रासच्या ट्रिप्लिकेन येथील हायस्कुलाचे मुख्याध्यापकपद सोडून १९०७ साली समाजात आलेले श्रीनिवास शास्त्री अध्यक्ष झाले. त्यांच्यामागून १९२७ साली देवधर झाले आणि देवधरांच्या पश्चात हृदयनाथ कुंझरू. नारायण मल्हार जोशी हेही शिक्षकी पेशातून आले. त्यांनी १९११ साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली आणि १९२० साली अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेतला. मुंबई म्युनिसिपालिटीतील इंजिनियराची नोकरी सोडून १९१४ साली आलेले ठक्कर बाप्पा यांनी १९२२ साली भिल्ल सेवा मंडळ उभारले. यांपैकी कोणासही समाजाने दारात बांधून ठेवले नाही. दिवा दिव्याने लागतो, पहिल्या दिव्याचे तेल त्याने कमी होत नाही.

स्त्रियांची गोष्टही येथेच सांगितली पाहिजे. रानड्यांनी पत्नी रमाबाईंस घरच्यांचा रोष पत्करून शिकविले. त्यांच्या पश्चात या माउलीने देवधरांच्या सहकार्याने १९०९ साली पुण्यात सेवासदन उभे केले. ज्या घरात सूनबाईस वर्तमानपत्र वाचण्याचीही चोरी होती त्या काळात हे घडले. आपल्या कार्यकारी मंडळात भगिनींची नावे आजही मोजकीच असावीत, याचे आपणांस काही वाटावयास नको काय?

या इतिहासाची एक उदास बाजूही आहे, ती झाकणे योग्य नव्हे. १८९५ साली सार्वजनिक सभेत लोकमान्य टिळकांच्या पक्षाचे बहुमत झाले. पुढील वर्षी रानडे-गोखले बाहेर पडले आणि त्यांनी डेक्कन सभा काढली. दोष कोणाचा, हा वाद आम्ही येथे उकरून काढीत नाही. दोन्हीकडची माणसे थोर होती. परंतु एकाच संस्थेत दोन मतांची माणसे एकत्र नांदविण्याची विद्या त्या थोरांसही पुरती साधली नाही, ती आपण अधिक नम्रतेने शिकली पाहिजे.

आता घरच्याविषयी. दुसऱ्यांचे गुण सांगून स्वतःचा दोष लपविणे शिक्षकास शोभत नाही. आमच्या संस्थेच्या वसतिगृहाचे हिशेब आम्ही अनेक वर्षे एकहाती सांभाळले. पै-पैचा हिशेब चोख होता, याचा आम्हांस गर्व होता. एकदा वसतिगृहातच वाढलेला एक तरुण आला व नम्रपणे म्हणाला, "गुरुजी, कीर्द लिहिण्याचे काम मला शिकवा." आम्ही म्हणालो, "पुढल्या वर्षी पाहू." पुढल्या वर्षीही आम्ही तेच म्हणालो. तिसऱ्या वर्षी तो विचारावयास आला नाही. नोकरीच्या गावी तो आज एका पतपेढीचा कारभार उत्तम पाहतो, असे ऐकतो. त्याच्या हातून चूक होईल ही आमची भीती होती. पण अंतर्यामी शोधले तर आपणावाचून अडावे, अशी सुप्त इच्छाही तीत होती. गेल्या वर्षी आम्ही दोन महिने अंथरुणास खिळलो, तेव्हा वसतिगृहाच्या किराण्याची बिले थकली. कपाटाची किल्ली कोठे आहे हेही कोणास ठाऊक नव्हते. आमचा चोखपणा त्या वेळी संस्थेच्या काय कामी आला?

शेतकरी नव्या खोंडास एकट्याने नांगरास जुंपीत नाही, आणि तो म्हातारा होईपर्यंत गोठ्यातही बांधून ठेवीत नाही. अनुभवी बैलाच्या जोडीला जुंपतो. आम्हांस एवढेच सुचवावयाचे आहे. प्रत्येक पदाधिकाऱ्याने एक तरुण किंवा तरुणी आपल्या जोडीस घ्यावी. तिला केवळ सतरंज्या घालण्याचे व पाहुण्यांस हार देण्याचे काम न देता खरे, जबाबदारीचे काम द्यावे. चूक झाली तर एकांतात सांगावी, आणि चारचौघांत तिची बाजू घ्यावी. मतभेद असणारा तरुण दिसला तर त्यास आधी बोलवावे. आणि आपले पद आपण हयात असतानाच सोडावे, म्हणजे विचारावयास आलेल्यास उत्तर देण्यास आपण जागेवर असतो.

कपाटाची किल्ली आणि कीर्दखतावणी आम्ही ज्ञातीतील एका पदवीधर कन्येच्या स्वाधीन केली आहे. पहिल्या महिन्याच्या हिशेबात एकवीस रुपयांची तफावत आली. ती शोधण्यास तिला दोन संध्याकाळ लागल्या. आम्हांस ती पाच मिनिटांत दिसली होती. पण आम्ही गप्प राहिलो. इतक्या वर्षांत संस्थेची एवढी मोठी सेवा आमच्या हातून बहुधा झाली नसेल. ज्ञातीतील सर्व वडीलधाऱ्यांस अशी गप्प राहण्याची बुद्धी आणि तरुणांस विचारण्याची उमेद लाभो, ही परमेश्वरचरणी प्रार्थना.