जोत्यावरून घर वाचताना

गुंजवणे गावातून राजगडाची पायवाट धरली, की चोरदरवाजातून आपण पद्मावती माचीवर पोहोचतो. राजधानी रायगडावर जाण्यापूर्वी सुमारे पाव शतक शिवाजी महाराजांचा कारभार या गडावरून चालत होता. विद्यार्थ्यांना घेऊन गेलो की आम्हांला हमखास प्रश्न येतो : 'पण राजवाडा कुठे आहे?' समोर दिसते ते केवळ दगडी जोते. मुले हिरमुसतात. खरे तर वाडा गेला आणि जोते राहिले, यातच त्या काळच्या घरबांधणीचा इतिहास आहे.

पायाचे काम घराचे ओझे भक्कम जमिनीवर पसरवण्याचे. देशावरची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. तिच्यावर उभे केलेले घरही हलते. म्हणून मुरूम किंवा कातळ लागेपर्यंत खणायचे, हा गवंड्यांचा जुना नियम. गडावर कातळ हाताशीच असतो. तिथे अडचण खोलीची नसते, सपाटीची असते. उताराच्या बाजूला दगड रचून आणि आत भराव घालून जोते समतल करावे लागते.

जोत्यावर लाकडी खांब येतो, पण थेट नाही. त्याच्याखाली तळखडा, म्हणजे घडीव दगड असतो. तो खांबाचे ओझे रुंद जागेवर पसरवतो आणि जमिनीतली ओल लाकडात चढू देत नाही. लाकडातील ओलावा सुमारे २० टक्क्यांच्या वर टिकून राहिला, की बुरशी लाकूड खाऊ लागते. मावळातल्या पावसाळ्यात ही खबरदारी किती मोलाची, हे सांगायला नको.

खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर पाट आणि त्यावर मातीचा थर, अशी वरच्या मजल्याची जमीन तयार होई. दोन खांबांमधल्या अंतराला खण म्हणतात. खण साधारण पाच-सहा फुटांचा. एवढा लहान का? प्लॅस्टिकची पट्टी दोन पुस्तकांवर आडवी ठेवा, मध्ये नाणी ठेवा आणि वाक मोजा. पुस्तकांतले अंतर १० सेंटिमीटरवरून २० केले, की तेवढ्याच नाण्यांनी वाक सुमारे आठपट होतो. सुतारांना हे सूत्र ठाऊक नव्हते, अनुभव मात्र होता.

पुण्याच्या शनिवारवाड्याचा पाया १० जानेवारी १७३० रोजी घातला गेला. वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ रोजी झाली. १८२८ च्या आगीत आतले लाकडी मजले जळाले. उरले तट, दरवाजे आणि जोती.

या पद्धतीची उणीवही ध्यानात घ्यायला हवी. तळखड्यावरचा खांब मुख्यतः वरच्या वजनाने जागेवर राहतो. खालच्या दिशेचे ओझे तो उत्तम पेलतो, आडवा हिसका नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला, तेव्हा हजारो माणसे दगावली. तिथल्या अनेक घरांत लाकडी सांगाडा होता, पण जाड दगडमातीच्या भिंती त्याला जखडलेल्या नव्हत्या आणि माथ्यावर मातीचे जड धाबे होते. भिंती ढासळल्या. काही ठिकाणी त्या पडूनही सांगाडा मात्र उभा राहिला.

पुढच्या सहलीत मोजपट्टी जरूर न्या. जोत्यावर तळखडे किंवा त्यांच्या खुणा जागेवर सापडल्या, तर मुलांना अंतरे मोजून खण काढू द्या, कागदावर खांब उभे करू द्या. दगड मात्र हलवू देऊ नका. तळखडा जागचा हलला, की त्या खणाचे मापही गेले.